ताटकळलेल्या तासांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात ‘आज आमचा पाण्याचा दिवस आहे’ एवढे सांगितले की पुढे कोणी काही विचारत नाही. कामावर उशिरा येण्याचे, गावाला न जाण्याचे, पाहुण्यांना उद्या बोलावण्याचे ते पुरेसे कारण असते. नळाला पाणी रोज येत नाही. काही वसाहतींत चार-पाच दिवसांआड येते, काहींत आठवड्याने, आणि मध्येच जलवाहिनी फुटली किंवा पंपगृहाची वीज गेली की तोही टप्पा पुढे सरकतो. वेळापत्रक असते, पण ते पाळले जाईल याची खात्री नसते. म्हणून त्या दिवशी घरात कोणालातरी थांबावे लागते आणि थांबणारे माणूस बहुतेक घरांत बाई असते. पाणी पहाटे तीनला येवो की दुपारी दोनला, मोटार लावायची, हौद भरायचा, वरची टाकी भरायची, मग ड्रम, बादल्या, कळश्या, आणि पिण्याचे पाणी गाळून वेगळे ठेवायचे. हे सगळे तास-दीड तासात उरकते. तो तास उजाडेपर्यंत वाट पाहण्यात गेलेला वेळ मात्र कोणी मोजत नाही.

दुसरीकडे, वेळेचा सदुपयोग कसा करावा हे सांगणाऱ्यांची कमतरता नाही. मोबाइल उघडला की पहाटे पाचला उठण्याचे फायदे, यशस्वी माणसांची दिनचर्या, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे कसे पाडावेत याचे धडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांबद्दलचे विधान गाजले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांपर्यंत वाढवायला मान्यता दिली. कामगाराची संमती घेतली जाईल, असे त्यात म्हटले आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखान्यात कंत्राटी पद्धतीने लागलेला मुलगा ती संमती नाकारू शकेल का, हा प्रश्न मात्र उरतोच.

या सगळ्या उपदेशात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: वेळ प्रत्येकाला सारखा मिळतो, दिवसाचे चोवीस तास श्रीमंताला आणि गरिबाला एकच, त्यामुळे मागे पडलेला माणूस आपल्याच आळसाने मागे पडला. मला हे गृहीतकच चुकीचे आणि अन्यायाचे वाटते. चोवीस तास सर्वांना मिळतात हे खरे, पण ते सर्वांच्या हातात राहत नाहीत. कोणाचे तास रांगेत जातात, कोणाचे बसथांब्यावर, कोणाचे नळाखाली. खरा वाया गेलेला वेळ तो, जो माणसाकडून त्याला न विचारता काढून घेतला गेला आणि ज्याचा हिशेब घेणाऱ्याने कधीच दिला नाही. झाडाखाली बसून काढलेली दुपार, मित्राशी निष्कारण बोलण्यात गेलेली संध्याकाळ, काही न करता खिडकीशी घालवलेला तास हे वाया गेलेल्या वेळेत मोडत नाहीत, कारण ते त्या माणसाने स्वतः खर्च केलेले असतात.

पाण्याचाच हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. आज ती नक्कीच जास्त आहे. समजा, त्यातल्या फक्त एक लाख घरांत पाण्याच्या प्रत्येक पाळीला एका माणसाचे दोन तास जातात. मी मुद्दाम कमी धरतो आहे. घराघरांत विचारले तर आकडा याहून मोठा निघेल. तरीही एका पाळीत दोन लाख तास झाले. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर हे पंचवीस हजार दिवसांचे श्रम झाले, आणि हे महिन्यातून अनेकदा, वर्षानुवर्षे चालू आहे. एखाद्या मोठ्या कारखान्यात संपाने पंचवीस हजार मनुष्यदिवस बुडाले असते तर उद्योजकांच्या संघटनांनी निवेदने दिली असती, मंत्र्यांनी बैठक बोलावली असती, वर्तमानपत्रांनी उत्पादनाच्या नुकसानीचे आकडे पहिल्या पानावर छापले असते. नळाखाली बुडालेल्या दिवसांसाठी अशी बैठक होत नाही, कारण ते दिवस ज्यांचे आहेत त्यांच्या वेळेला बाजारात भाव नाही.

भाव नाही म्हणून किंमत नाही, हीच या विचाराची मोठी चूक आहे. टँकरवाल्याला दिलेले पैसे व्यवहार म्हणून नोंदले जातात. जारच्या पाण्याचा धंदा वाढला की शहरात उलाढाल वाढलेली दिसते. टंचाईने अशा तऱ्हेने काही जणांची कमाई वाढते, पण घरी थांबलेल्या बाईचे चार तास कोणत्याच वहीत चढत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटांचा आहे. म्हणजे रोजचा तीन तासांहून अधिक फरक. नव्वद तास काम करा असे सांगणाऱ्या पुरुषाच्या घरी जेवण कोण रांधते, कपडे कोण धुते, आजाऱ्याजवळ कोण बसते? त्याच्या नव्वद तासांत दुसऱ्या कोणाचे तरी तास मिसळलेले असतात. ज्या स्त्रीच्या श्रमांवर हे आठवडे उभे राहतात, तिलाच दिवसाच्या शेवटी ‘घरी बसून करतेस काय?’ हा प्रश्न ऐकावा लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो प्रश्न ती स्वतःलाही विचारू लागते.

हे असेच चालायचे, असे या शहराच्या इतिहासावरून तरी म्हणता येत नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने हे शहर खडकी या नावाने वसवले तेव्हा त्याने पाण्याची व्यवस्था वसाहतीबरोबरच उभी केली. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून, केवळ उताराच्या आधारे, वस्तीत आणले गेले. पुढे आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाणचक्की अशाच नहरीच्या पाण्यावर फिरत असे आणि तिच्यावर फकीर, मुशाफिर, गोरगरीब यांच्यासाठी पीठ दळले जाई. त्या काळचे हे शहर समतेचे होते असे मी म्हणत नाही. नहरीचे पाणी सर्वांच्या दारात सारखे पोचत नव्हते. पण चक्कीमागच्या विचाराकडे लक्ष द्यावे. पहाटे उठून जात्यावर दळणे हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याचे काम होते. तेच दळण येथे वाहत्या पाण्यावर होत होते. माणसाचे तास वाचवणे हा रचनेचाच भाग होता.

आता आपल्या काळाकडे पाहू. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये देशाला अर्पण झाले. त्याच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, साठवण क्षमता शंभर टीएमसीच्या वर आहे आणि तो या शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. शहरासाठी तिथून पहिली मोठी योजना सत्तरच्या दशकात आली, दुसरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. त्यानंतर शहर वाढत गेले आणि वाहिन्या बराच काळ तेवढ्याच राहिल्या. समांतर जलवाहिनीचे काम खासगी कंपनीला दिले गेले. २०१६ मध्ये महापालिकेने तो करार मोडला. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले आणि पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. कामाला गती यावी म्हणून उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला लक्ष घालावे लागले. मे २०२२ मध्ये पाण्यासाठी शहरात मोठा मोर्चा निघाला. या सगळ्या काळात योजनेच्या वाढलेल्या खर्चावर चर्चा झाली, कंत्राटांवर झाली, श्रेयावर तर फारच झाली. त्या वर्षांत नागरिकांचे किती तास गेले, ही बाब कोणत्याही अंदाजपत्रकात आली नाही. रुपया वाया गेला की लेखापरीक्षण होते. माणसाचे तास वाया गेले तर विचारणारे कोणी नाही.

वेळेच्या सदुपयोगाचा आग्रह धरणारे यावर एक उत्तर देतील: व्यवस्था सुधारायलाच हवी, पण म्हणून आळसाचे समर्थन कशाला? त्यासाठी मराठवाड्याचाच दाखला दिला जातो. समर्थ रामदासांचा जन्म जालना जिल्ह्यातल्या जांबचा. त्यांच्या दासबोधाने आळसाला जेवढे झोडपले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या मराठी ग्रंथाने झोडपले असेल. हा दाखला मला मान्य आहे. आळस माणसाला आतून पोखरतो यात शंका नाही. पण समर्थांचा उपदेश माणसाला स्वतःच्या विवेकाने स्वतःचा वेळ वापरायला सांगतो. आजचा आग्रह मात्र बाहेरून येतो आणि त्याचे मोजमाप दुसऱ्या कोणाच्या नफ्यावर ठरते. माणसाने स्वतःच्या ध्येयासाठी रात्र जागवणे आणि पाळी संपल्यावरही सुपरवायझरच्या धाकाने मशीनवर उभे राहणे, या दोन्हींना ‘कष्ट’ हे एकच नाव दिले की गोंधळ सुरू होतो. या गोंधळाचा फायदा कष्ट करवून घेणाऱ्याला होतो.

याच भूमीत दुसरी परंपराही आहे आणि ती अधिक जुनी आहे. बिबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. अजिंठा इथून शंभरेक किलोमीटरवर. या विहारांचा उगम वर्षावासात आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी भटकंती थांबवायची आणि एका जागी राहायचे, असा नियम होता. चालणे थांबवण्यासाठी, अध्ययन, चर्चा आणि ध्यान यांसाठी समाजाने डोंगर कोरले. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघाला अर्पण केले. राज्याचा कारभार पाहणाऱ्या माणसाला, काही न पिकवणाऱ्या आणि काही न विकणाऱ्या लोकांच्या निवाऱ्यावर एवढी संपत्ती खर्च करणे योग्य वाटले, याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. तिथे शांत बसून घालवलेला वेळ त्या समाजाच्या लेखी रिकामा नव्हता. आज आपण ती लेणी दाखवून पर्यटनाचे उत्पन्न मोजतो. ज्या विचारातून ती कोरली गेली, त्या विचाराला मात्र आपण आपल्या मुलांच्या वेळापत्रकात अर्धा तासही देत नाही.

वारीचेही तसेच आहे. पैठणहून संत एकनाथांची पालखी पंढरपूरकडे निघते तेव्हा तिच्याबरोबर चालणाऱ्यांत शेतकरी, मजूर, घरकाम करणाऱ्या बाया मोठ्या संख्येने असतात. पेरणी झालेली असते किंवा पावसाची वाट पाहणे चालू असते. हिशेबी नजरेने पाहिले तर इतके दिवस कामाचे गेले. ज्यांच्या आयुष्यात सुट्टी नावाची गोष्ट नाही, त्या माणसांनी वर्षातले काही दिवस स्वतःसाठी राखून ठेवण्याची ही रीत आहे आणि ती राखायला त्यांना कोणाच्या रजेच्या अर्जावर सही लागत नाही.

या शहराने वेळेबद्दल शिकवलेला सर्वांत मोठा धडा मात्र नागसेनवनात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. ज्या घरांतून मुले येथे आली त्या घरांत मूल चालायला लागले की कामाला लागत असे. कोणी गुरे राखी, कोणी मजुरीला जाई. महाविद्यालयाबरोबर वसतिगृह मिळणे म्हणजे त्या मुलांना आयुष्यात प्रथमच स्वतःचे तास मिळणे होते. पाणी आणायला जायचे नाही, सरपण गोळा करायचे नाही, संध्याकाळी पुस्तक हातात घ्यायचे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीजींच्या यंत्रविरोधाला उत्तर देताना नेमका हाच मुद्दा मांडला होता. यंत्रांमुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसत नसेल तर माणसाला पशुवत जगण्यापलीकडे जाता येत नाही. लोकशाही समाजाने ही फुरसत थोड्यांपुरती न ठेवता प्रत्येकापर्यंत पोचवली पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. फुरसतीकडे चैन म्हणून न पाहता नागरिकाचा हक्क म्हणून पाहणारा हा विचार आजच्या चर्चेत आपण विसरलो आहोत.

त्या फुरसतीतून काय उभे राहिले तेही येथेच दिसते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात मिलिंदच्या परिसरात नाटक, वाङ्‌मय आणि वाद यांना जागा मिळाली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात याच परिसरातून ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ ही नियतकालिके निघाली. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ दीर्घकाळ चालवले आणि दलित साहित्याची एक मोठी पिढी त्यातून लिहिती झाली. त्या काळी एखाद्या हिशेबनिसाने वसतिगृहातल्या मुलांच्या गप्पांचे, रात्री रंगलेल्या चर्चांचे, पुन्हा पुन्हा फाडून लिहिलेल्या कवितांचे तास मोजले असते, तर ‘निष्पन्न काही नाही’ असा शेरा मारला असता. मराठी साहित्याचा चेहरा बदलणारी गोष्ट त्याच तासांत घडत होती. नवे विचार मोकळ्या वेळेत जन्मतात आणि ते कोणत्या दिवशी, कोणाच्या डोक्यात जन्मतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून मोकळा वेळ सर्वांनाच हवा.

कामगारांना हा वेळ कोणी दान केलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून प्रयत्न केले. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत कामगार स्त्रियांनीही भाषणे केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याच्या कामाचे फळ होते. आज बारा तासांच्या दिवसाची भाषा होते तेव्हा या दोन माणसांची नावे घेणे मला आवश्यक वाटते. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे बीड, परभणी, जालना, बुलढाण्याहून आलेली मुले पाळ्यांत काम करतात. खोलीपासून कारखान्यापर्यंतचा प्रवास, पाळी बदलली की उलटेपालटे होणारी झोप, सुट्टीच्या दिवशी भरायचे पाणी हे सारे त्यांच्या बारा तासांच्या बाहेरचे. त्यांच्या दिवसातले उरलेले दोन-तीन तासही उत्पादनाच्या खात्यावर घालायचे असतील, तर ही मुले वाचणार कधी, प्रेम करणार कधी, संघटित होणार कधी?

यावर गंभीर आक्षेप असा घेतला जातो की मराठवाडा मागास आहे आणि मागास प्रदेशाला फुरसतीच्या गप्पा परवडत नाहीत. आधी संपत्ती निर्माण करा, मग विश्रांतीचा विचार करा. हा युक्तिवाद मी हलक्याने घेत नाही. दुष्काळ, कर्ज, स्थलांतर यांनी गांजलेल्या प्रदेशाला काम हवे आहे, भरपूर हवे आहे. पण येथली माणसे कमी तास राबतात म्हणून हा प्रदेश मागे राहिला, असे कोणी पुराव्याने दाखवलेले नाही. उसाच्या फडात पहाटेच्या अंधारापासून राबणारे जोडपे कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त तास काम करते आणि तरीही गरीब राहते. गरिबीचे कारण श्रमाच्या तासांत शोधले की मजुरीचा दर, पाणी, शिक्षण, जमीन या प्रश्नांकडे पाहावेच लागत नाही. शिवाय प्रदेशाची प्रगती व्हायची असेल तर पहिले काम लोकांचे फुकट जाणारे तास थांबवण्याचे आहे. जो समाज नळाखालचे लाखो तास वाया जाऊ देतो, त्याने कामगाराच्या झोपेतून दोन तास मागावेत याला कोणताही नैतिक आधार नाही.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. औरंगपुऱ्याच्या, टीव्ही सेंटरच्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलांकडे तर वेळच वेळ आहे. त्यांना फुरसतीचे महत्त्व सांगणे ही क्रूर गोष्ट नाही का? आहेच. बेकारीचा वेळ मोकळा नसतो. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराचा दिवस वरून रिकामा दिसतो, आतून तो जाहिरात कधी निघेल, परीक्षा कधी होईल, निकाल कधी लागेल, नियुक्ती कधी मिळेल या प्रश्नांना बांधलेला असतो. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हायची होती. करोना आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न यांमुळे ती पुन्हा पुन्हा पुढे गेली. मार्च २०२१ मध्ये अवघे तीन दिवस उरले असताना ती आणखी एकदा पुढे ढकलल्याचे कळले तेव्हा पुण्यात आणि इतरत्र उमेदवार रस्त्यावर उतरले. अखेर २१ मार्च २०२१ रोजी परीक्षा झाली. कारणे खरी होती हे मान्य केले, तरी त्या वर्षभरात उमेदवारांच्या वयाचे, भाड्याचे, मेसच्या पैशांचे, आईवडिलांच्या आशेचे जे झाले त्याची जबाबदारी कोणीही स्वीकारली नाही. अशा मुलाला गावाकडचे लोक ‘इतकी वर्षे वाया घालवलीस’ असे म्हणतात. माझ्या मते त्याची वर्षे त्याने वाया घालवली नाहीत. ती त्याच्याकडून घेतली गेली.

वेळेच्या सदुपयोगाच्या या दडपणाने सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. जो तास व्यवस्थेने नेला त्याचा दोष माणूस स्वतःवर घेतो. घाटी रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत सकाळ घालवलेला बाप मुलाला सांगतो की आज काहीच काम झाले नाही. निवृत्त शिक्षक संध्याकाळी कट्ट्यावर बसायला संकोचतो, कारण नातेवाईक विचारतात, सध्या काय करता? शाळकरी मुलीची सुट्टी संपण्याआधी तिच्यासाठी चार शिकवण्या ठरतात, आणि ती नुसती आकाशाकडे पाहत बसली तर घरातल्यांना काळजी वाटते. मोबाइलवर तासन्‌तास जातात हेही खरे, आणि ते तास बहुतेकदा आपण मनाने दिलेले नसतात. आपले लक्ष खिळवून ठेवणे हाच ज्यांचा धंदा आहे त्यांनी ते घेतलेले असतात. दमलेला माणूस रात्री अकराला फोनमध्ये बुडतो त्याला आळशी म्हणून भागणार नाही. त्याच्याकडे दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा तोच एक तास उरलेला असतो, आणि त्यातही कोणीतरी शिरलेले असते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, सार्वजनिक कामांचे मोजमाप करताना लोकांचे तास हिशेबात धरावेत. लोकांचे तास वाचवणाऱ्या निर्णयांची उदाहरणे आपल्याकडे आहेत. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले तेव्हा येथल्या महाविद्यालयांची हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी असलेली बांधिलकी संपली. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आले आणि पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. या दोन निर्णयांनी मराठवाड्याला किती तास परत दिले असतील याची कल्पना करावी. पाणी हे तर त्याहून रोजचे. पुरवठ्याची वेळ आधी कळवणे, वेळ चुकली तर कारण सांगणे, पाणी दिवसा देणे, या गोष्टींना दोन हजार कोटी लागत नाहीत. त्या करायला नागरिकाचा वेळ किमती आहे असे मानावे लागते. एप्रिल २०२० नंतर कित्येक वर्षे महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकांच्या काळात कोणत्या नगरसेवकाने कोणाला जाब विचारायचा, हाही प्रश्न होता. मते मागायला येणाऱ्याला आता हा जाब विचारता येतो आणि तो तासांच्या आकड्यांत विचारावा.

दुसरी गोष्ट घरातली आहे. पाण्याच्या दिवशी घरी कोण थांबते, हे प्रत्येक घराने एकदा मोजावे आणि पुढच्या पाळीला दुसऱ्या कोणीतरी थांबावे. पुरुषांनी स्वयंपाकघरात घालवलेला तास बाईला मोकळा तास देतो, आणि त्या तासात तिने काय केले हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती वाचेल, झोपेल, शेजारणीकडे जाईल किंवा काहीच करणार नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची आहे. कामाचे तास वाढवणारा प्रत्येक प्रस्ताव, संमतीच्या कलमासह, आपण नाकारला पाहिजे, कारण नोकरी जाण्याच्या भीतीखाली दिलेली संमती ही संमती नसते. स्पर्धा परीक्षांच्या तारखा ठरलेल्या कालमर्यादेत पाळण्याचे बंधन भरती करणाऱ्या यंत्रणांवर असले पाहिजे आणि ते मोडले तर वयोमर्यादेत तेवढी सूट आपोआप मिळाली पाहिजे, त्यासाठी पुन्हा आंदोलन करायची वेळ येऊ नये.

माणसाला त्याच्या वेळेचा जाब विचारण्याआधी समाजाने आपला जाब द्यावा, एवढीच ही मागणी आहे. एखाद्या बाईला, कामगाराला, बेकार मुलाला ‘तू वेळ वाया घालवतोस’ असे सुनावण्यापूर्वी त्यांच्या दिवसातले किती तास आपण, आपल्या कार्यालयांनी, आपल्या नळांनी, आपल्या रांगांनी आधीच खाऊन टाकले आहेत हे मोजू. तो हिशेब पुरा झाल्यावर जे थोडे तास त्यांच्या हातात उरतील, त्यांत त्यांनी काय करावे हे सांगायची कोणालाही गरज उरणार नाही. ते त्यांचे त्यांना चांगले कळते.